सीताफळाला बंदी, भाताला मोकळीक

दसरा जवळ आला की गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सालेकसा तालुक्यातील दरेकसा परिसरात, डोंगरउतारावरच्या सीताफळांचे डोळे उघडू लागतात. मुंबई-हावडा लोहमार्गावरील हे लहानसे स्थानक महाराष्ट्राच्या अगदी सीमेवर आहे. येथून गाडी पुढे सरकली की थोड्याच वेळात ती छत्तीसगडच्या हद्दीत शिरते. हाजरा धबधबा आणि माघ पौर्णिमेला गोंड समाजाची यात्रा जेथे भरते ती कचारगडची गुहा, यांच्यामुळे हे नाव बाहेरच्यांना ठाऊक आहे. परंतु शरद ऋतूत त्याची खरी ओळख टोपलीतल्या सीताफळांनी होते. भातकापणीचा पैसा हाती येण्यापूर्वीचे हे दिवस असतात. सणासुदीच्या तोंडावर या परिसरातील आदिवासी कुटुंबांना, विशेषतः स्त्रियांना, या फळापासून चार पैसे मिळतात.

ही टोपली शहरात पोहोचते तेव्हा मात्र तिच्यासमोर एक नवाच प्रश्न उभा राहतो. घरातील कर्त्या माणसाला साखरेचा विकार जडलेला असतो, किंवा वजन उतरविण्यासाठी त्याने अल्प कर्बोदकांचा आहार स्वीकारलेला असतो. सीताफळ म्हणजे तर निव्वळ साखर, ते या आहारात कसे बसणार, असे म्हणून टोपलीकडे पाठ फिरविली जाते. त्यानंतर घरी जाऊन तोच गृहस्थ ताटातील भाताची दुसरी वाढ निःशंकपणे घेतो. फळाला बंदी आणि भाताला मोकळीक, असा हा पथ्याचा न्याय आहे. तो शास्त्राच्या कसोटीवर टिकतो काय, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. यात एकीकडे लक्षावधी रुग्णांच्या प्रकृतीचा आणि दुसरीकडे डोंगरातील माणसांच्या तुटपुंज्या मिळकतीचा संबंध आहे.

प्रश्नाचे गांभीर्य प्रथम मान्य केले पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. त्याच पाहणीच्या आधारे २०२५ साली आलेल्या विश्लेषणाने दाखविले की भारतीय माणसाला मिळणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी जवळजवळ ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून, म्हणजे पिष्टमय आणि शर्करायुक्त पदार्थांतून येते. त्यांतील मोठा वाटा पांढरा तांदूळ, दळलेली धान्ये आणि वरून घातलेली साखर यांचा आहे. तेव्हा कर्बोदके कमी करा असे वैद्यकशास्त्र सांगते, त्यात कोणताही अतिरेक नाही. आपल्याकडे ती खरोखरीच अधिक झालेली आहेत.

अल्प कर्बोदकांच्या आहाराची कल्पना काही आजची नव्हे. १८६३ साली लंडनमधील विल्यम बँटिंग नावाच्या, प्रेतसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थाने आपल्या स्थूलतेविषयी एक छोटी पुस्तिका छापली. डॉक्टर विल्यम हार्वे यांच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बिअर आणि बटाटे यांना फाटा दिला आणि वर्षभरात आपले वजन पुष्कळच उतरविले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या मूळ पथ्यात संध्याकाळच्या चहाबरोबर दोन-तीन औंस फळ खाण्यास मुभा होती. पुढे १९७२ साली अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट अॅटकिन्स यांनी हाच विचार अधिक कडक स्वरूपात मांडला आणि पहिल्या टप्प्यात फळे जवळजवळ वर्ज्य ठरविली. महाराष्ट्रात नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी आणि त्यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत घरोघरी पोहोचविली. ही पद्धत तंतोतंत अल्प कर्बोदकांची नव्हे. परंतु इन्शुलिनचा स्राव वारंवार होऊ नये, हा विचार तिच्या मुळाशी आहे. तिच्यामुळेच गावोगावीचे शिक्षक आणि कारकून ‘इन्शुलिन’ हा शब्द सहजपणे उच्चारू लागले. सांगण्याचा मुद्दा असा की, ‘अल्प कर्बोदके’ या एका नावाखाली अनेक प्रकारची पथ्ये मोडतात. सीताफळ त्यात बसते की नाही, याचे उत्तर कोणत्या पथ्याविषयी विचारले जात आहे त्यावर अवलंबून राहील.

आता फळाचा हिशोब मांडू पाहिल्यास तो असा होतो. सीताफळाच्या १०० ग्रॅम गरात सुमारे २३ ते २४ ग्रॅम कर्बोदके असतात. फळांमध्ये हे प्रमाण निश्चितच मोठे आहे. सफरचंदात ते १४ ग्रॅमच्या आसपास, पेरूतही साधारण तेवढेच आणि कलिंगडात त्याच्याही निम्मे असते. केळे तेवढे सीताफळाच्या पंगतीला बसते. तेव्हा सीताफळ गोड आहे आणि त्यात साखर आहे, हा आक्षेप खोटा नाही. परंतु हा आकडा गराचा आहे, फळाचा नव्हे. जाड साल आणि बियांचा ढीग वजा केला म्हणजे सीताफळाच्या एकूण वजनाच्या निम्म्याहूनही कमी गर हाती लागतो. सुमारे २०० ग्रॅम वजनाच्या लहान फळातून ८० ते ९० ग्रॅम गर निघाला, तर त्यातील कर्बोदके २० ग्रॅमच्या घरात जातात. त्याबरोबर तीन-चार ग्रॅम तंतुमय भाग, क जीवनसत्त्व आणि पोटॅशियमही मिळते.

आता ताटाकडे वळावे. पाऊणशे ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात शिजविला, तर त्यात सुमारे ५८ ग्रॅम कर्बोदके असतात. भाताचे कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडारा-गोंदियाच्या मुलखात एवढ्या भाताला कोणी पोटभर जेवण म्हणणार नाही. तरीही ही एक वाढ जवळजवळ तीन लहान सीताफळांच्या बरोबरीची आहे. दोन चमचे साखर घातलेला चहा चार वेळा झाला, तर केवळ साखरेतून ४० ग्रॅम कर्बोदके पोटात जातात. ही झाली दोन सीताफळे. बिनसाखरेचा चहा घेणाऱ्याने त्यात चार मारी बिस्किटे बुडविली, तर पंधरा-सोळा ग्रॅमची भर पडते. म्हणजे एक सीताफळ बिस्किटांच्या रूपाने पोटात गेलेच, फक्त त्याचा आनंद मिळाला नाही. गोडीवरून साखरेचा अंदाज बांधणारी जीभ भाताला निरपराध ठरविते, कारण तो गोड लागत नाही. परंतु पचनाअंती पिष्टाची साखरच होते, आणि रक्ताला जिभेचा निवाडा कळत नाही.

या हिशोबावरून निर्णय कठीण राहत नाही. दिवसाला २० ते ५० ग्रॅमच कर्बोदके घ्यावयाची, असे अतिकडक पथ्य ज्याने वैद्याच्या देखरेखीखाली स्वीकारले आहे, त्याच्या ताटात सीताफळाला जागा नाही. एका फळातच त्याच्या दिवसाच्या वाट्यातील मोठा हिस्सा, कित्येकदा सगळाच, संपून जाईल. परंतु बहुसंख्य लोक जे पथ्य पाळतात किंवा पाळू शकतात, ते दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपासचे, मध्यम स्वरूपाचे असते. त्यात आठवड्यातून काही दिवस एक लहान सीताफळ बसू शकते. मात्र अट एकच, आणि ती कडक आहे. ते भाताच्या अथवा पोळीच्या जागी आले पाहिजे, त्यांच्यावर आणखी म्हणून नव्हे. एक फळ खावयाचे तर तेवढ्यापुरती भाताची एक तृतीयांश वाढ ताटातून उतरलीच पाहिजे. दुपारचे भरपेट जेवण झाल्यावर ‘फळच तर आहे’ म्हणून दोन सीताफळे फस्त करणाऱ्याला हे शास्त्र आधार देत नाही.

यावर वैद्यकीय व्यावसायिकांकडून एक आक्षेप येतो, आणि तो दुर्लक्षणीय नाही. रुग्ण वजनकाटा घेऊन जेवायला बसत नाहीत. ‘एक लहान’ असे सांगितले तर घरात त्याचे ‘दोन मोठी’ होते. म्हणून सरसकट मनाई हाच सोपा व सुरक्षित मार्ग आहे, असे त्यांचे म्हणणे असते. गर्दीच्या दवाखान्यात प्रत्येक रुग्णाला मिळणारी मिनिटे ध्यानी घेतली, तर या म्हणण्यामागची अडचण समजू शकते. तथापि सरसकट मनाईचा परिणाम प्रत्यक्षात काय होतो, हेही पाहिले पाहिजे. गोड फळ सोडले म्हणजे पथ्य पूर्ण झाले, अशी रुग्णाची समजूत होते आणि त्यागाच्या समाधानात भात, पोहे, साबुदाणा, बिस्किटे यांच्याकडे डोळेझाक होते. वर्षातून दोन महिने मिळणारे फळ निषिद्ध ठरते आणि बारा महिने रोज दोनदा पोटात जाणारा तांदूळ मोकळा सुटतो. जी मनाई खऱ्या कारणाला स्पर्श करीत नाही, तिला सुरक्षित म्हणणे धाडसाचे आहे.

किंबहुना भात सोडून पोळी धरणेही पुरेसे नाही, असे उपर्युक्त २०२५ च्या विश्लेषणातून दिसते. एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्य घेतल्याने मधुमेहाचा धोका कमी झाल्याचे त्यात आढळले नाही. कर्बोदकांतून येणाऱ्या ऊर्जेचा थोडासा भाग डाळी, दूध यांसारख्या प्रथिनयुक्त पदार्थांनी भरून काढला, तेथे मात्र धोका कमी असल्याचे दिसले. प्रश्न एका पदार्थाच्या चारित्र्याचा नसून संपूर्ण ताटाच्या रचनेचा आहे, हेच यावरून स्पष्ट होते.

अखंड फळांविषयी जगातील अभ्यास काय सांगतात, हेही येथे नोंदविणे उचित ठरेल. चीनमधील सुमारे पाच लक्ष प्रौढांच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. रोज ताजी फळे खाणाऱ्यांमध्ये नव्याने मधुमेह जडण्याचे प्रमाण कमी आढळले. ज्यांना मधुमेह होताच, त्यांच्यातही नियमित फळे खाणाऱ्यांची स्थिती इतरांपेक्षा वाईट नव्हे तर चांगली होती. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात अखंड फळे आणि फळांचे रस यांच्यातील भेद ठळकपणे पुढे आला. काही अखंड फळांच्या सेवनाशी कमी धोक्याचा, तर रसाच्या सेवनाशी अधिक धोक्याचा संबंध दिसला. अर्थात हे संबंध आहेत, कार्यकारणाचा अंतिम पुरावा नव्हे. फळे खाणारी माणसे इतर बाबतींतही प्रकृतीची काळजी घेणारी असू शकतात. शिवाय या अभ्यासांत सीताफळाचा वेगळा विचार झालेला नाही. परंतु अखंड फळ म्हणजे विष, या समजुतीला त्यांत कोठेही आधार मिळत नाही, एवढे निश्चित.

अखंड फळ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. सीताफळ खाण्याची रीतच अशी आहे की ते घाईने खाता येत नाही. एकेक पाकळी तोंडात घ्यावी, बी वेगळी करावी, ती टाकावी, मग पुढची घ्यावी. निसर्गाने या फळातच एक प्रकारचा संयम घालून ठेवलेला आहे. याच फळाचा गर काढून त्यात आटवलेले दूध आणि साखर घातली की त्याची बासुंदी, रबडी किंवा आइस्क्रीम होते. मग तो संयमही नाहीसा होतो आणि साखरही वाढते. लग्नाच्या पंगतीत सीताफळ रबडीची वाटी दुसऱ्यांदा भरून घेणारे आणि बाजारात अखंड फळाकडे पाहून मान हलविणारे बहुधा एकच असतात, ही आपल्या पथ्यविचारातील मोठी विसंगती होय.

दुसऱ्या टोकाच्या भ्रमापासूनही सावध राहिले पाहिजे. रानातले, खताचा स्पर्श नसलेले फळ कितीही खाल्ले तरी बाधत नाही, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. रानातल्या साखरेला आणि मळ्यातल्या साखरेला रक्तात वेगळी वागणूक मिळत नाही. दरेकशाचे फळ असो, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले बीडचे सीताफळ असो, की बार्शी परिसरात विकसित झालेले भरपूर गराचे ‘एनएमके-१’ वाण असो, हिशोब गराच्या वजनावरच होणार. मोठ्या आणि गरभरल्या फळाची गणना तर दोन-तीन लहान फळांइतकी करावी लागेल. ज्यांना इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी कर्बोदके एकाएकी कमी केल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ज्यांच्या मूत्रपिंडाचे कार्य मंदावले आहे, त्यांना पोटॅशियमचा विचार करावा लागतो. अशांनी आपल्या वैद्याला विचारल्यावाचून ताटात कोणताही बदल करू नये. इतरांनाही खात्री करून घेण्याचा मार्ग आज घरोघरी उपलब्ध आहे. फळ खाल्ल्यानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर रक्तशर्करा पाहावी, आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी नेहमीच्या भातानंतर तशीच पाहावी. कोणाला बंदी घालावी, हे ते छोटेसे यंत्र निःपक्षपातीपणे सांगेल.

या साऱ्या चर्चेत दरेकशाच्या टोपलीवाल्या बाईचे स्थान कोठे? शहरातील माणसाला कमी काय खावे हा प्रश्न पडतो. तिच्यासमोर तांदळाखेरीज आणखी काय खावे, हा प्रश्न असतो. शासनाच्या योजनेतून पात्र कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, आणि या भागात त्याचा अर्थ मुख्यतः तांदूळ असाच होतो. भुकेचा प्रश्न त्यातून बऱ्याच अंशी सुटला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु डाळ, अंडी, दूध यांची खरेदी खिशातून करावी लागते, आणि कर्बोदके कमी करण्याच्या प्रत्येक सल्ल्याची पहिली मागणी नेमकी याच पदार्थांची असते. मध्यभारताच्या या डोंगराळ पट्ट्यात कोदो-कुटकीसारखी तंतुमय धान्ये ताटात होती, तीही पांढऱ्या तांदळाने मागे सारली. अल्प कर्बोदकांचा आहार ही म्हणूनच केवळ निग्रहाची बाब नाही. ती क्रयशक्तीची बाब आहे. आपल्या टोपलीतील फळे विकून त्या बाईने डाळ विकत घेतली, तर पथ्याचा खरा अर्थ तिच्या चुलीपाशी सिद्ध होतो. शहराने अज्ञानापोटी ते फळ नाकारले, तर एका चुकीच्या पथ्यामुळे दोन ताटे बिघडतात.

यातून काही कर्तव्ये निघतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात निरोगी माणसासाठी दिवसाला १०० ग्रॅम फळे सुचविली आहेत, आणि तृणधान्यांतून येणारी ऊर्जा ४५ टक्क्यांच्या आसपास मर्यादित ठेवावी असे म्हटले आहे. या दोन्ही सूचना एकत्र वाचावयाच्या आहेत. पहिली विसरणारे आणि दुसरी न वाचणारे आपल्याकडे बहुसंख्य आहेत. आहाराचा हा हिशोब शाळेच्या गणिताच्या तासाला शिकविता येण्याइतका सोपा आहे. आठवीच्या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या ताटातील भाताचे आणि फळाचे गणित मांडून दाखविले, तर दवाखान्यातील दहा मिनिटांच्या उपदेशापेक्षा त्याचा परिणाम अधिक टिकेल. झाडावरून उतरल्यावर पिकलेले सीताफळ दोन-तीन दिवसांहून अधिक टिकत नाही. म्हणून या भागात प्रतवारी, शीतसाठवण आणि जलद वाहतूक यांची सोय होणे आवश्यक आहे. केवळ गर काढून रबडीच्या कारखान्याला पुरविणे हा एकमेव मार्ग ठरू नये. अखंड फळ ताजे असताना ग्राहकाच्या हाती पडले, तर त्यात खाणाऱ्याचेही हित आहे आणि विकणाऱ्याचेही.

तात्पर्य, सीताफळ अल्प कर्बोदकांच्या आहारात बसते काय, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. अतिकडक पथ्यात ते बसत नाही. मध्यम पथ्यात ते मोजून, अखंड स्वरूपात आणि भाताचा तेवढा वाटा कमी करून बसते. रबडीच्या वाटीतून आले तर ते कोठेच बसत नाही. दसऱ्याच्या आधी दरेकशाहून आलेल्या टोपलीसमोर उभ्या राहिलेल्या ग्राहकाने एक लहान फळ निवडावे आणि त्या दिवशी घरी भाताची दुसरी वाढ नाकारावी. हा सौदा त्याच्या प्रकृतीलाही मानवेल आणि डोंगरातून फळे घेऊन आलेल्या बाईच्या पदरातही चार पैसे पडतील.